आधी आजींची जागा ठरवा, मग ग्रेडियंट ओढा

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका त्या घरीच तयार करत आहेत. डावीकडे १९६९ सालचा आजी-आजोबांचा लग्नातला कृष्णधवल फोटो, उजवीकडे यंदा पर्वतीवर काढलेला आजोबांचा रंगीत फोटो, आणि मधे एक दुसऱ्यात विरघळत जावा, अशी त्यांची कल्पना. बाहेरच्या कडाही कागदात विरून जायला हव्यात. आजी आता नाहीत. गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी दोन्ही फोटोंच्या कडा मऊ इरेझरने पुसल्या. मधोमध फिकट, धुरकट पट्टा आला, इरेझर फिरल्याचे डाग राहिले, आणि प्रेसला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीएनजीची पारदर्शकताच नाहीशी झाली. नेमकं चुकतंय कुठे, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुम्ही पाठवलेला नमुना पाहिला तेव्हा धुरकट पट्ट्याच्याही आधी मला एक गोष्ट खटकली. लग्नाच्या फोटोत आजी उजवीकडे उभ्या आहेत. तो फोटो तुम्ही डावीकडे ठेवून उजवीकडे विरत नेला आहे, म्हणजे सगळ्यात आधी विरतात त्या आजीच. त्यांचा अर्धा गाल आणि खांद्यावरचा पदर पर्वतीच्या पायऱ्यांमध्ये मिसळून गेलाय. तंत्र कितीही सफाईदार केलंत तरी ही पत्रिका हातात घेणाऱ्याला आजी पुसट दिसणार. ज्या बाईंची आठवण म्हणून हा फोटो घेतला, त्यांच्यावरच विरणं येऊ द्यायचं नाही. बाकी सगळं या एका निर्णयानंतर.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे फोटो आडवा उलटवणे, आरशासारखा. तो करू नका. मराठी नथ डाव्या नाकपुडीत असते, पदर डाव्या खांद्यावर असतो. फोटो उलटवला की नथ उजवीकडे जाते. आजोबांच्या कोटाची बटणंही उलट्या बाजूला लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण सांगता आलं नाही तरी ‘ही आपली माई वाटत नाही’ हे एका नजरेत कळतं. उलटवलेले असे फोटो मी लग्नाच्या अल्बमांमध्ये खूप पाहिलेत आणि दरवेळी वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं की डावी-उजवी मांडणी सोडा आणि वर-खाली करा. पत्रिका उभीच आहे. वर लग्नाचा फोटो, खाली पर्वतीवरचा. लग्नाच्या फोटोत खालच्या भागात साडीच्या निऱ्या आणि स्टुडिओतली सतरंजी आहे, तिथे विरलं तर कुणाचं काही जात नाही. पर्वतीच्या फोटोत आजोबांच्या डोक्यावर मोकळं आकाश आहे. विरघळवण्यासाठी आकाशासारखी जागा नाही. त्यात रेषा नसतात, तपशील नसतो, त्यामुळे दुसरं चित्र त्यात सहज उतरतं. झाडांची पानं, जाळ्या, माणसांची गर्दी यांच्यावर दुसरं चित्र विरवलं की दोन्हींची खिचडी होते. सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन्ही फोटोंचे साधे झेरॉक्स घेऊन टेबलावर एकमेकांवर सरकवून बघा. मी आजही तसंच करते.

आता इरेझरबद्दल. माझ्या बाबांचा नारायण पेठेत स्टुडिओ होता आणि मी हे काम डार्करूममध्ये शिकले. चेहऱ्याभोवती पांढऱ्यात विरत जाणारा लंबगोल फोटो तेव्हा फार मागितला जायचा. त्यासाठी बाबा पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडायचे, त्याची कड करवतीसारखी दातेरी कापायचे आणि निगेटिव्हवरून फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचा दिवा लागलेला असताना तो पुठ्ठा कागदाच्या वर धरून हळूहळू वर-खाली हलवत राहायचे. मध्यभागी पूर्ण उजेड पडायचा, कडेला कमी-कमी होत जायचा, आणि उजेड न पडलेला कागद पांढराच राहायचा. हात चुकला तर एक कागद वाया जायचा, इतकंच. निगेटिव्हला धक्का लागत नसे.

सॉफ्टवेअरमध्ये चित्रं एकावर एक थरांत ठेवतात, त्या थराला लेयर म्हणतात. लेयर मास्क म्हणजे तो पुठ्ठा. फोटो खाली शाबूत असतो. कुठे किती दिसावा हे वर धरलेला मास्क ठरवतो. इरेझर म्हणजे निगेटिव्हच खरवडणं. शिवाय तुमच्या एका लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, नव्हता असं दिसतं. गिम्पमध्ये जेपीजी थेट उघडला की त्यात पारदर्शकतेची सोयच नसते, मग इरेझर पुसत नाही, मागचा रंग फासतो. तुमच्या पर्वतीच्या आकाशातले पांढरे डाग त्यातून आलेत. लेयरवर उजवं क्लिक करून ‘अॅड अल्फा चॅनेल’ केलं असतं तर ते टळले असते. पण टाळायचा तो इरेझरच.

पत्रिका ५ बाय ७ इंच धरू. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, ती १५०० बाय २१०० पिक्सेल होते. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा ठेवा, म्हणजे साधारण ३५ पिक्सेल. ते सोडून मी आतली मापं सांगते. जुन्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढू नका, चकाकी येते. ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. जुना फोटो वरच्या लेयरवर, वरून ० ते १३०० पिक्सेलपर्यंत बसवा. नवा फोटो त्याच्या खालच्या लेयरवर, ८०० पासून २१०० पर्यंत. म्हणजे ८०० ते १३०० हा ५०० पिक्सेलचा पट्टा दोघांचा सामाईक झाला. हा सामाईक पट्टा नसेल तर विरघळणं होतच नाही, दोन फोटो फक्त शेजारी शेजारी फिकट होतात.

वरच्या लेयरवर उजवं क्लिक, ‘अॅड लेयर मास्क’, आणि पर्यायांमधून पांढरा, म्हणजे पूर्ण दिसणारा. लेयरच्या शेजारी दुसरं छोटं चित्र येतं, तो मास्क. त्यावर क्लिक करून तोच निवडलेला आहे याची खात्री करा, नाहीतर ग्रेडियंट, म्हणजे काळ्यातून पांढऱ्यात जाणारा उतार, थेट आजी-आजोबांवर उमटेल. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. ‘डी’ दाबा म्हणजे रंग काळा-पांढरा होतील, ‘जी’ दाबून ग्रेडियंट घ्या, प्रकार लिनियर. मास्कवर पांढरं म्हणजे दिसेल, काळं म्हणजे झाकलं जाईल, करडं म्हणजे तितक्या प्रमाणात दिसेल. वर पांढरं आणि खाली काळं हवं आहे. गिम्पमध्ये ‘डी’ने पुढचा रंग काळा होतो, म्हणून १२५० च्या आसपास सुरुवात करून ८५० पर्यंत वर ओढा. ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की रेषा सरळ राहते. सोडल्यावरही टोकं हलवता येतात. मनासारखं झालं की एंटर. फोटोशॉपमध्ये मास्क निवडलेला असताना ‘डी’ने पुढचा रंग पांढरा येतो, म्हणून तिथे वरून खाली ओढायचं आणि सरळ रेषेसाठी शिफ्ट धरायचं. उलटं झालं तर ‘एक्स’ने रंग बदलून पुन्हा ओढा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीत फोटोशॉपसारखंच आहे.

८५० आणि १२५० हे आकडे मी मुद्दाम आत घेतले. जुन्या फोटोची खालची कड १३०० वर संपते. मास्क त्याआधीच पूर्ण काळा झाला नाही, तर त्या कडेवर फोटो अजून पाच-दहा टक्के दिसत असतो आणि तिथे एक पुसट आडवी रेष उमटते. स्क्रीनवर ती नजरेतून सुटते, छापल्यावर दिसते. तसंच नव्या फोटोची वरची कड ८०० वर आहे. जुना फोटो विरायला त्याच्या खालीच सुरुवात झाली पाहिजे. दोन्ही टोकांना ५० पिक्सेलचा श्वास ठेवा.

आता तो धुरकट पट्टा. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण अनेक वर्षं काम करणारे लोकही इथे चुकतात. तुम्ही दोन्ही फोटो विरवलेत. मनात हिशोब असा असतो की एक निम्मा, दुसरा निम्मा, मिळून पूर्ण. तसं होत नाही. वरचा फोटो ५० टक्के दिसतोय, म्हणजे खालच्या सगळ्यासाठी ५० टक्के जागा उरली. त्या उरलेल्या निम्म्यात खालचा फोटो पुन्हा निम्माच दिसतो, म्हणजे २५ टक्के. बेरीज ७५. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागचा पांढरा रंग डोकावतो. तुमचा धुरकट पट्टा तो हाच. पारदर्शकतेचं हे गणित नवं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी प्रत्येक पिक्सेलसोबत त्याच्या पारदर्शकतेचाही आकडा साठवायची पद्धत आणली आणि सूत्रातल्या ग्रीक अक्षरावरून त्याला अल्फा म्हटलं. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं ठेवण्याचे नियम मांडले. तुमचं सॉफ्टवेअर आजही त्याच नियमांनी मिसळतं.

उपाय एका वाक्याचा आहे: मास्क फक्त वरच्या लेयरला, खालचा लेयर सामाईक पट्ट्यात पूर्ण ठेवा. वरचा ५० टक्के झाला की उरलेले ५० टक्के खालच्याचेच, पांढऱ्याला वावच नाही.

एवढं करूनही बहुतेकांना वाटतं की विरणं नीट झालं नाही. सुरू होतं तिथे आणि संपतं तिथे एक फिकी रेष असल्यासारखं दिसतं. पिक्सेल मोजले तर रेष नसते. ती आपल्या डोळ्यांत असते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली: उजेडाचा चढ जिथे अचानक सुरू होतो किंवा अचानक थांबतो, तिथे डोळा खरा नसलेला उजळ किंवा गडद पट्टा पाहतो. साधा ग्रेडियंट म्हणजे सपाट जमीन, मग एकदम उतार, मग एकदम पुन्हा सपाट. ती दोन वळणं गोलाकार करायला हवीत. मास्क निवडलेला ठेवून ‘कर्व्हज’ उघडा आणि रेषेला इंग्रजी एससारखा हलका आकार द्या: खालचा पाव भाग थोडा खाली, वरचा पाव भाग थोडा वर. नाहीतर मास्कवर गॉसियन ब्लर द्या, या मापाला ५० ते ६० पिक्सेलचा. ब्लरने विरणं दोन्ही बाजूंना थोडं पसरतं, तेव्हा मघाच्या ५० पिक्सेलच्या मोकळ्या जागेत ते शिरत नाही ना, बघा. शिरत असेल तर ग्रेडियंट आणखी आखूड ओढा. मला विचाराल तर या एका पायरीने हौशी काम आणि कसबी काम यातला निम्मा फरक भरून निघतो, आणि नेमकी हीच पायरी शिकवण्यांमध्ये सांगितली जात नाही.

ग्रेडियंट सरळ असतो, माणसं सरळ नसतात. तुमच्या फोटोत आजींचा हात खाली सोडलेला आहे आणि चुडा आणि बोटं विरणाऱ्या भागात येतात. मास्कवरच मोठा मऊ ब्रश घ्या, रंग पांढरा, ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा जोर, १० ते १५ टक्के, आणि हातावरून दोन-तीन वेळा हलके फिरवा. हात परत वर येईल. जास्त झालं तर काळ्याने परत खाली. दुसरा ग्रेडियंट ओढायचा मोह झाला तर लक्षात ठेवा की तो पहिल्याला पुसून टाकतो. पहिला राखायचा असेल तर ‘पुढचा रंग ते पारदर्शक’ हा ग्रेडियंट निवडा.

कृष्णधवल आणि रंगीत यांचा सांधा मास्कने सुटत नाही, तो वेगळा सोडवावा लागतो. निळं आकाश करड्या निऱ्यांमध्ये मिसळलं की मधे मळकट निळा रंग येतो. पर्वतीच्या फोटोची एक प्रत त्याच्याच वर करा, तिचा रंग काढून टाका, आणि तिलाही मास्क लावून वरून खाली विरवा. म्हणजे जुन्या फोटोजवळ आकाश करडं, आणि आजोबांच्या चेहऱ्यापर्यंत येता येता रंग परतलेला. चेहऱ्याच्या वर बऱ्यापैकी अंतरावर रंग पूर्ण यायला हवा. मग जुन्या फोटोला अगदी हलका उबदार रंग द्या. पूर्ण तपकिरी नको, ती आता सगळ्याच पत्रिकांवर असते. अजून एक, जुन्या फोटोत दाणा असतो आणि मोबाइलच्या फोटोत नसतो. नव्या फोटोला किंचित नॉइज दिला की दोन्ही एका कागदावरचे वाटायला लागतात. हे कुणाच्या डोळ्यांना वेगळं दिसत नाही, पण नसलं की जोड जाणवतो.

पायऱ्या-पायऱ्या दिसण्याची, म्हणजे बँडिंगची, काळजी तुमच्या पत्रिकेत फारशी नाही. आठ बिटच्या मास्कमध्ये २५६ छटा असतात आणि तुमचा उतार ४०० पिक्सेलचा आहे, म्हणजे एका छटेच्या वाट्याला दोन पिक्सेलसुद्धा येत नाहीत. पण याच चित्राचा स्टेजमागचा फ्लेक्स करायचा ठरला, तर ३००० पिक्सेलच्या उतारात एक छटा जवळपास १२ पिक्सेलची होते. फ्लेक्स इंचाला ५० पिक्सेलने छापला तर ती पाव इंचाची पट्टी, आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला ती दिसते. तेव्हा ग्रेडियंटचं ‘डिदरिंग’, म्हणजे छटांच्या सीमा ठिपक्यांनी मिसळणं, चालू ठेवा आणि मास्कवर थोडा नॉइज टाका.

बाहेरच्या कडा कागदात विरवण्यासाठी सगळं एका ग्रुपमध्ये घ्या आणि त्या ग्रुपला वेगळा मास्क लावा. आयताकृती निवड, तिची कड मऊ करणारा ‘फेदर’ १०० ते १२० पिक्सेल, निवड उलटी करा आणि मास्कवर काळा भरा. फेदर निवडीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणून निवड कडेपासून पुरेशी आत घ्या.

आता प्रेसचं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी तिथे जेपीजी होते, आणि जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर ती जशीच्या तशी पोचली असती. पण तुम्हाला पारदर्शक फाइलची गरजच नाही. कागदावर पारदर्शक असं काही छापलं जात नाही. जिथे शाई नाही तिथे कागद दिसतो. सगळ्यात खाली शुद्ध पांढरा लेयर ठेवा, चित्राची एक प्रत फ्लॅटन करा, म्हणजे सगळे लेयर एकत्र करा, आणि टिफ फाइल करून द्या. तुम्ही निवडलेला कागद मोतिया रंगाचा आहे, तर मागे मोतिया रंग भरू नका, पांढराच ठेवा. मोतिया कागद स्वतःच देईल. तुम्ही भरलात तर कागदावर आणखी एक मोतिया चौकोन छापला जाईल.

फ्लॅटन करून देण्याचं आणखी एक कारण आहे. गिम्प २.१० पासून लेयरचं साधं मिसळणंही रेषीय प्रकाशात, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात, होतं, फोटोशॉपमध्ये ते मुळात तसं नसतं. तोच मास्क, तेच फोटो, तरी मधला भाग गिम्पमध्ये जास्त उजळ दिसतो. लेयर असलेली फाइल प्रेसमध्ये फोटोशॉपला उघडली तर तुम्ही जुळवलेलं विरणं सरकेल. चित्र एकजीव करून द्या, मजकूर मात्र वेगळा ठेवा. प्रेसवाले तो कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतील. तुम्हीच बसवणार असाल तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून, द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर ‘सहस्रचंद्रदर्शन’मधली जोडाक्षरं फुटतील.

छपाई कोणती, हे आजच विचारा. आपल्याकडे पत्रिका अजूनही स्क्रीन प्रिंटिंगने खूप होतात. अक्षरांना ती सुंदर, पण तिला असा हलका उतार झेपत नाही. जाड ठिपके दिसतात. सोनेरी फॉइलला तर छटाच नसते, असते किंवा नसते. दीडशे-दोनशे पत्रिकांसाठी डिजिटल छपाई घ्या, आणि सोनेरी गणपती हवा असेल तर तो वेगळ्या जागी, विरणाऱ्या भागापासून लांब.

छापील एक प्रूफ मागून घ्या आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा. छपाईत दोन-तीन टक्क्यांच्या खालचा ठिपका बऱ्याचदा उमटतच नाही, त्यामुळे स्क्रीनवर अलगद संपणारी बाहेरची कड कागदावर एकदम तुटल्यासारखी दिसते. तसं दिसलं तर बाहेरच्या मास्कच्या कडेवर थोडा नॉइज टाका, म्हणजे ती तुटकी कड विस्कटून जाते आणि डोळ्याला रेष सापडत नाही. मधला जोडही बघा, आणि आजींच्या हातापाशी पुन्हा एकदा बघा. छपाईत मधल्या छटा थोड्या गडद होतात, त्यामुळे तो हात स्क्रीनवर होता त्याहून दबलेला दिसू शकतो. गिम्पची लेयरवाली एक्ससीएफ फाइल जपून ठेवली असेल तर मास्कवर ब्रशचे आणखी दोन हात फिरवायला पाच मिनिटं लागतात.